पथ्याचे काप

पथ्य हा शब्द मार्ग या अर्थाच्या 'पथिन्' या संस्कृत शब्दापासून सिद्ध झाला आहे. जे मार्गाला धरून आहे ते पथ्य, असा त्याचा मूळ आशय. परंतु आपल्या घराघरांतून या शब्दाला कुंपणाचा अर्थ येऊन चिकटला आहे. पथ्य म्हणताच हे खाऊ नये, ते शिवू नये, अशी निषेधांची एक माळच आपल्या मनात उभी राहते आणि ती माळ ज्याच्या गळ्यात पडते तो माणूस हळूहळू घरच्या पंक्तीतून बाजूला सरतो. हा प्रसंग आमच्या घरी आला. त्यातून मार्ग शोधताना स्वयंपाकघरातील एका साध्या पदार्थाचे शास्त्र आम्हांला शिकावे लागले. तेच येथे विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे ठेवीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना हृदयविकाराचा त्रास झाला. मधुमेह आधीपासून होताच. रुग्णालयातून घरी पाठविताना डॉक्टरांनी सांगितले की, तेल चमच्याने मोजून वापरावे, मीठ निम्म्यावर आणावे, भात बेताचा घ्यावा आणि तळलेले पदार्थ वर्ज्य समजावेत. यातील शेवटची अट ऐकून आमच्या आईचा चेहरा उतरला. गोव्यातील आमच्यासारख्या घरांत, विशेषतः श्रावणातल्या शिवराकाच्या जेवणात, आमटीभाताशेजारी काहीतरी कुरकुरीत असावे लागते. बटाटा, सुरण, निरफणस, कच्चे केळे यांच्या चकत्या कराव्यात, त्यांना हळद, तिखट, मीठ चोळावे, रव्यात घोळवाव्यात आणि तव्यावर सढळ तेलात परताव्यात. कोकणीत यांना आम्ही 'कापां' म्हणतो. वडिलांच्या पानात भात कमी पडला तर चालत असे, पण काप नसले की ते दोनदा स्वयंपाकघराकडे पाहत.

पहिले काही आठवडे सर्व शिस्तीत चालले. मग एक गोष्ट आमच्या लक्षात आली. वडील साडेअकरालाच पान मागू लागले होते. बाकीची मंडळी एक वाजता जेवायला बसत. 'भूक लवकर लागते' असे ते सांगत, आणि आम्ही ते खरे मानले. खरे कारण पुढे कळले. बाराच्या सुमारास तवा चुलीवर चढे आणि कापांचा वास घरभर पसरे. त्या वासाआधीच जेवण उरकून बाहेरच्या सोप्यावर जाऊन बसण्याची ती युक्ती होती. चाळीस वर्षे ज्या पंक्तीच्या अग्रभागी ते बसले, ती पंक्ती त्यांनी एका चकतीपायी सोडली होती.

घरात केकसाठी घेतलेला विजेचा लहानसा ओव्हन होता. त्यात अगदी थोड्या तेलात काप भाजून पाहावेत असे ठरले. पहिल्या दिवशी बटाटे चिरले, तेल-मीठ लावले, थाळीत दाटून भरले आणि अर्ध्या तासाने बाहेर काढले. ते उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ व ओलसर निघाले. दुसऱ्या दिवशी आच वाढविली, तेव्हा कडा कोळशासारख्या काळ्या आणि मध्ये कच्चे. वडिलांनी दोन्ही दिवस 'बरे आहेत' म्हणून पान स्वच्छ केले. त्यांनी नावे ठेवली असती तर आम्हांला इतके लागले नसते. तेव्हा केवळ अंदाजाने चालणे सोडून, तळणीत नेमके काय घडते हे प्रथम समजून घ्यावे, असे आम्ही ठरविले.

तळणीचे रहस्य

बटाट्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते. तळणीचे तेल साधारणतः १७० ते १८० अंश सेल्सिअस इतके तापलेले असते, आणि पाणी तर १०० अंशांवर उकळते. म्हणून फोड तेलात पडताच तिच्या पृष्ठभागावरील पाण्याची तत्क्षणी वाफ होते. तेलात जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नसून या वाफेचे होत. जोवर पृष्ठभागी पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांपलीकडे फारसे जात नाही. पाणी संपले की बाहेरचा पातळ थर कोरडा होऊन तापू लागतो, साधारण १४० अंशांच्या पुढे त्यावर झपाट्याने तांबूस रंग चढतो आणि तो खमंग वास सुटतो. साखर व प्रथिनांचे घटक यांच्यातील या रासायनिक क्रियेचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. त्याच वेळी आत, ६० ते ७० अंशांच्या आसपास, पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि गर मऊ होतो. बाहेर कोरडे कवच, आत मऊ गर, एवढेच कुरकुरीतपणाचे सार आहे.

मग तेल आत कसे जाते? तळण चालू असता बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. फोड कढईबाहेर काढल्यावर ती निवते, छिद्रांतील वाफेचे पाणी होते, तेथे पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागाला चिकटलेले तेल त्या पोकळीत ओढले जाते. म्हणजे आपण खातो त्यातले बरेचसे तेल कढईबाहेर आल्यावर शोषलेले असते. तळलेल्या बटाट्याच्या फोडींत १०० ग्रॅममागे सुमारे १५ ग्रॅम तेल भरते. १ ग्रॅम तेलापासून ९ कॅलरी मिळतात, तर १ ग्रॅम पिष्टापासून ४. त्यावरून तेलाचा भार किती, हे गणिताचा विद्यार्थी सहज काढील.

आता ओव्हनचा विचार करू. तेथे तेलाच्या जागी हवा आहे, आणि हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. २०० अंशांच्या ओव्हनमधील हवेत क्षणभर हात गेला तरी पोळत नाही, पण १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तो घालण्याचे धाडस कोणी करणार नाही. कढईत जे काम पाचदहा मिनिटांत होते त्याला ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास लागतो, तो यामुळेच. शिवाय बंद पेटीत वाफ कोंडते. कोंडलेल्या वाफेत फोड भाजली न जाता शिजते. आपल्याकडे आषाढात कपडे दाटीवाटीने दोरीवर घातले, तर ते तीन दिवसांतही वाळत नाहीत आणि वर कुबट वास येतो. आमच्या पहिल्या थाळीचे नेमके हेच झाले होते.

उपायाचा एक भाग आम्हांला गावच्या पोदेराने न सांगता शिकविला. पाव भाजणाऱ्या पोदेराचा फोर्न आपण पाहिला असेल. पारंपरिक फोर्नमध्ये आधी लाकडे पेटवून घुमट आणि तळ चांगला तापवितात, निखारे बाजूस ओढतात आणि मग त्या तापलेल्या तळावरच पाव ठेवतात. उष्णता केवळ हवेतून येत नाही, ती तळातूनही मिळते. आम्ही मात्र थंडगार थाळी ओव्हनमध्ये सरकवीत होतो. थाळी आधी तापविली आणि निम्मी अडचण दूर झाली.

साहित्य

चार माणसांसाठी बटाटे अर्धा किलो, गोडे तेल १ मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, तांदळाचे पीठ किंवा बारीक रवा २ लहान चमचे, हळद पाव चमचा, मिरपूड व भाजलेल्या जिऱ्याची पूड चवीपुरती, अर्धे लिंबू. मीठ अगदी शेवटी, तेही मोजून.

कृती

१. बटाटे धुऊन त्यांच्या बोटाएवढ्या, सुमारे १ सेंटिमीटर जाडीच्या फोडी कराव्यात. चकत्या करावयाच्या असल्यास अर्धा सेंटिमीटर जाडी पुरे. सर्व फोडी सारख्या असाव्यात, नाहीतर बारीक करपतात आणि जाड कच्च्या राहतात.

२. फोडी गार पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात व पाणी एकदा बदलावे. कापताना बाहेर आलेले पिष्ट व थोडी साखर त्यात उतरते. ती राहिल्यास फोडी एकमेकींना चिकटतात आणि आतून शिजण्यापूर्वीच वरून काळ्या पडतात.

३. उकळत्या पाण्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून फोडी पाच मिनिटे अर्ध्या कच्च्या शिजवाव्यात. आंबटामुळे फोडींची बांधणी सुटत नाही, त्या मोडत नाहीत.

४. पाणी निथळून फोडी स्वच्छ पंचावर पसराव्यात. दहा मिनिटे त्यांतील वाफ जाऊ द्यावी आणि वरून टिपून कोरड्या कराव्यात. आमच्या अनुभवाने ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. जे पाणी पंचाने टिपता येते ते उडविण्यासाठी वीज आणि वेळ का खर्चावा?

५. ओव्हन २२० अंशांवर, आत रिकामी थाळी ठेवूनच, १५ मिनिटे तापवावा. आत पंखा असलेल्या ओव्हनला २०० अंश पुरतात, कारण फिरती हवा उष्णता अधिक लवकर पोहोचविते.

६. फोडींना हाताने तेल चोळावे, मग पीठ व हळद भुरभुरावी. तेल अजिबात वगळू नये. त्याचा पातळ थर फोड आणि थाळी यांमधील फट भरून उष्णता पोहोचवितो आणि वरचे पीठ खमंग करतो. मात्र बाटलीने ओतू नये, चमच्यानेच घ्यावे.

७. जाड फडक्याने धरून थाळी काढावी, फोडी एकेरी थरात, एकमेकींत बोटभर अंतर ठेवून मांडाव्यात. जागा अपुरी पडल्यास दोन खेपा कराव्यात, पण दाटी करू नये. हे काम लहान मुलांनी मोठ्यांच्या देखत करावे.

८. २० मिनिटांनी फोडी उलटाव्यात. दार उघडताच कोंडलेली वाफ बाहेर पडते, तीही पडू द्यावी. पुढे आणखी १० ते १५ मिनिटे भाजून सोनेरी पिवळ्या रंगावर काढाव्यात व लगेच वाढाव्यात. झाकून ठेवल्यास स्वतःच्याच वाफेने त्या पुन्हा मऊ पडतात.

रंगाविषयी एक इशारा आवश्यक आहे. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ फार तापविले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. रंग जितका काळपट तितके ते अधिक. ओव्हन वापरला म्हणून आपण त्यातून सुटत नाही. पाण्यात भिजविणे आणि सोनेरी रंगावर थांबणे हे दोन्ही नियम म्हणूनच पाळावेत.

बटाट्यापलीकडे

बटाटा हा आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेला पाहुणा. त्याचे नावही पोर्तुगीजांकडूनच आले, आणि गंमत अशी की कॅरिबियन बेटांवरील मूळ भाषेत 'बटाटा' हे रताळ्याचे नाव होते. पण पथ्याच्या कापांसाठी केवळ बटाट्यावर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

सुरणात सुईसारखे अणकुचीदार स्फटिक असतात. ते कॅल्शियम ऑक्सलेटचे असून घशाला खाज आणतात. म्हणून सुरणाच्या चकत्या चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात पूर्ण उकडून मगच भाजाव्यात. ज्यांना मूतखड्याचा विकार आहे त्यांनी सुरण डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. निरफणस चिरताना हाताला तेलाचा पुसट हात लावावा, म्हणजे चीक चिकटत नाही. त्याचा गर भाजल्यावर पावासारखा लागतो व रव्याशी त्याचे उत्तम जमते. कच्च्या केळ्याच्या चकत्या लवकर कोरड्या पडतात, त्यांना वेळ थोडा कमी द्यावा. रताळे, गाजर आणि बीट यांत साखर अधिक असल्याने ती २०० अंशांवर भाजावीत व शेवटची दहा मिनिटे ओव्हनपुढून हलू नये. लाल भोपळा पाणीदार असतो. तो फारसा कुरकुरीत होत नाही, परंतु कडांना सुरेख खमंगपणा येतो. भेंडी मात्र उभी चिरून, थेंबभर तेलात भाजली की अशी कडकडीत होते की मुले ती मुठीने उचलतात.

मधुमेही माणसाच्या घरी येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. ओव्हनने तेल कमी होते, पिष्ट कमी होत नाही. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात, रताळ्यात सुमारे २०, निरफणसात तर २७च्या आसपास. उलट गाजरात ती १०च्या जवळपास आणि लाल भोपळ्यात ६ ते ७ असतात. म्हणून आमच्या घरी बटाट्याचे किंवा निरफणसाचे काप असले की वडिलांच्या पानातला भात तेवढ्या मानाने कमी होतो, आणि एरवी गाजर, भोपळा व भेंडी यांना अधिक मान मिळतो.

मिठाची गोष्ट

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढ माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ते एक लहान चमचाभरही होत नाही, आणि त्यातच लोणचे, पापड, पाव या सर्वांतील मीठ धरावयाचे असते. मीठ आधी लावल्यास ते फोडीत मुरते आणि पाणी ओढून पृष्ठभाग ओला करते. भाजल्यानंतर बारीक दळलेले मीठ चिमटीने वरून भुरभुरावे. जिभेला प्रथम तेच लागते, त्यामुळे थोडक्यात भागते. मिठाची उरलेली उणीव आंबट आणि सुगंधी पदार्थ भरून काढतात. लिंबू, आमसुलाची पूड, मिरी, लसूण, भाजलेले जिरे, आणि गोमंतकीय जिभेसाठी चिमूटभर तिरफळाची पूड, यांचा उपयोग करून पाहावा. बाजारच्या तयार मसाल्यांत मीठ असतेच, तेव्हा डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ते वापरू नयेत.

बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते. त्यात साध्या मिठाचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस व काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांस ते घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घरात आणू नये. अशा रुग्णांना बटाट्यातील पोटॅशियमही मर्यादेतच ठेवावे लागते. त्यांच्यासाठी फोडी लहान करून भरपूर पाण्यात उकडाव्यात व ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे पोटॅशियमचा काही भाग निघून जातो. मात्र असे काप किती खावेत याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. एकाचे पथ्य दुसऱ्याला अपथ्य ठरते, हे केव्हाही विसरू नये.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी निराश होऊ नये. जाड बुडाचा बिडाचा तवा चांगला तापवावा, एक लहान चमचा तेल पुसून घ्यावे, अर्धकच्च्या शिजविलेल्या व कोरड्या केलेल्या चकत्या एकेरी थरात मांडाव्यात आणि मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी सावकाश भाजाव्यात. वेळ व लक्ष अधिक लागते, पण तत्त्व तेच आहे. नुसत्या सूक्ष्मलहरींच्या म्हणजे मायक्रोवेव्हच्या भट्टीत मात्र हे साधत नाही. ती आतील पाणी तापविते, पण पृष्ठभाग कोरडा करून तांबूस करू शकत नाही.

आता तेलाचा हिशेब पाहू. आमच्या अर्ध्या किलोच्या थाळीत १५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तेल जाते. चार पानांत ते विभागले की प्रत्येकी साडेतीन ग्रॅम होते. तेवढेच, पाऊणशे ग्रॅम काप कढईत तळले तर एकेका पानात ११ ग्रॅमच्या आसपास तेल जाईल. तळलेल्याची बरोबरी भाजलेले करते काय, असे कोणी विचारील. पूर्णांशाने नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. तळलेल्याचे कवच जाड व सर्वत्र सारखे असते, तर भाजलेल्याचे पातळ असते आणि लवकर नरमते. परंतु गरम गरम पानात पडले आणि वर लिंबू पिळले, की हा फरक भांडणाचा उरत नाही.

पाचव्या की सहाव्या प्रयत्नाला निरफणसाचे काप साधले. त्या दिवशी आईने एक निश्चय केला आणि तो आजवर पाळला आहे. वडिलांसाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे असे काही करावयाचे नाही. घरातील सर्वांनी तेच काप खावयाचे. एक वाजता पाने मांडली, थाळी ओव्हनमधून थेट पंक्तीत आली. वडील साडेअकराला जेवले नव्हते, कारण साडेअकराला त्यांना पान वाढलेच नव्हते. त्यांनी पहिला काप मोडला, त्याचा आवाज ऐकला आणि आईकडे पाहून म्हणाले, "हें पथ्य न्हय, हें जेवण." हे पथ्य नव्हे, हे जेवण आहे, असे त्यांना म्हणावयाचे होते. आईने उत्तर दिले नाही. आणखी दोन काप त्यांच्या पानात वाढले, आणि भाताचे पातेले मात्र आपल्याकडे ओढून घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा, आजी, आई किंवा बाबा असे कोणीतरी पथ्यावर असेल. ते कोणत्या वेळी जेवतात आणि कोणाबरोबर जेवतात, हे एकदा निरखून पाहा. पदार्थविज्ञानाच्या तासाला उष्णतेचे वहन आणि बाष्पीभवन हे धडे तुम्ही शिकलेलेच आहात. एखाद्या रविवारी ते धडे घेऊन स्वयंपाकघरात जा, चमच्याने तेल मोजा, फोडी पंचावर कोरड्या करा, आणि थाळी झाली की त्या माणसाला हाक मारून आपल्या शेजारी बसवा.